पुलापलीकडची मंडळी

सीमेवरच्या अधिकाऱ्याला भलते अवघड प्रश्न अगदी सहज विचारायची सवय असते. कुठून आलात, कुठे निघालात, किती दिवस राहणार आणि ज्यांच्याकडे निघालात त्यांची तुमची ओळख कशी? पहिले दोन प्रश्न संतांनाही जन्मभर पुरले. तिसऱ्याचं उत्तर परतीच्या तिकिटावर छापलेलं असतं. चौथ्याशी मात्र आमचे आजोबा अडतात. अडतात म्हणजे गप्प होत नाहीत, सुरू होतात.

आजोबा म्हणजे माझे बाबा आणि आजी म्हणजे माझी आई. मुलांच्या तोंडून ऐकून ऐकून घरात सगळ्यांच्याच तोंडी ती नावं बसली. दोघं नगरची. कागदोपत्री आता अहिल्यानगर झालं असलं, तरी आजोबांचं नगर ते नगरच. उन्हाळ्यात ती आमच्याकडे बफेलोला येतात. जेट लॅग उतरतो न उतरतो तोच आजोबा खिडकीशी उभे राहून पश्चिमेकडे बघू लागतात. तिकडे नायगारा नदी, नदीपलीकडे कॅनडा, तिथून पुढे दीड-दोन तासांवर मिसिसागा. मिसिसागात त्यांचा भाचा राहतो. पण भाचा हे निमित्त. खरी ओढ मंडळीतल्या जुन्या सोबत्यांची. नगरच्या चर्चमध्ये जी माणसं एका बाकावर बसून मोठी झाली, त्यांतली काही मुलांच्या मागोमाग तिकडे जाऊन राहिली आहेत.

निघायच्या आदल्या रात्री आजी पिशवी भरते. बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, लसणाची वेगळी चटणी, आणि सगळ्यांत खाली टॉवेलात गुंडाळलेलं ‘उपासना संगीत’. हे गीतांचं पुस्तक इतक्या वेळा शिवून घेतलंय, की त्यात आता कागदापेक्षा दोराच जास्त असावा. आजोबांकडे फाईल असते. पासपोर्ट, कॅनडाचा व्हिसा, विम्याचे कागद, भाच्याचं निमंत्रणपत्र. बाप्तिस्म्याच्या दिवशी आज्या बाळाला धरतात तशी ती फाईल ते वाटभर मांडीवर धरून बसतात, आणि मी जरा जोरात ब्रेक मारला की आधी तिला सावरतात.

मग खिडकी येते. गणवेशातला तरुण अधिकारी वाकून विचारतो, ओळख कशी? मी घाईने म्हणते, ‘चर्चमधले मित्र आहेत.’ एवढ्यावर काम भागलं असतं. पण आजोबांना अर्धवट उत्तर म्हणजे अर्धं खोटं वाटतं. ते पुढे झुकतात आणि आपल्या शाळामास्तरी इंग्रजीत सांगू लागतात, की मित्राचे वडील आणि आपले वडील एकाच पाळकसाहेबांच्या हाताखाली शिकले, आपल्या लग्नात पेटी मित्रानेच वाजवली. मागून आजी मराठीत दुरुस्ती करते, ‘अहो, पेटी त्यांच्या धाकट्या भावाने वाजवली. ते स्वतः गात होते.’ आजोबा ती दुरुस्ती प्रामाणिकपणे इंग्रजीत नेऊन पोचवतात. मागे गाड्यांची रांग वाढत असते. नाताळच्या आधी नगरला आमच्या चर्चमध्ये साक्षीची सभा भरायची. एकेक जण उभा राहून देवाने आपल्यासाठी काय काय केलं ते सांगायचा आणि पाळकसाहेबांनी घड्याळाकडे कितीही पाहिलं तरी बसायचा नाही. त्या सभेत वाढलेल्या माणसाला थोडक्यात सांगा म्हणणं व्यर्थ आहे. सीमेवरचा तो पोरगा मात्र शांतपणे ऐकत होता. शिक्का मारून त्याने एवढंच विचारलं, ‘मग अजून गातात का ते?’

ज्या पुलावर हे सगळं घडतं त्याचं नाव पीस ब्रिज. 1927 साली तो उघडला. अमेरिका आणि कॅनडा यांच्यात शंभर वर्षं शांतता टिकली, तिची आठवण म्हणून हे नाव. शांतता मोजायची ती 1812 च्या युद्धानंतरची. तेव्हा कॅनडा इंग्रजांचा, त्यामुळे याच नदीकाठी इंग्रज आणि अमेरिकन एकमेकांवर तोफा डागत होते. पुलाच्या कॅनडाकडच्या टोकाजवळ जो फोर्ट एरी किल्ला आहे, त्याला 1814 त वेढा पडला होता. आता गंमत बघा. हे युद्ध चालू असतानाच, फेब्रुवारी 1813 मध्ये, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले. कंपनी सरकारला आधीच मिशनरी नको होते, त्यात हे शत्रूच्या देशाचे. परत जा, असा हुकूम निघाला. दोघांनी अर्ज-विनंत्या केल्या, मध्येच कोचीनला निसटून पाहिलं, पकडून परत आणले गेले, आणि शेवटी कसेबसे राहिले. त्यांनीच अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला. 1831 साली ते मिशन नगरला पोचलं, पुढे 1842 त तिथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. थोडक्यात, या नदीवर भांडण चालू असताना ज्यांना मुंबईतून परत जा म्हणून सांगितलं, त्यांच्या मिशनमधून निघालेल्या मंडळीतली ही दोन म्हातारी माणसं आज त्याच नदीवर गाडीत बसून ‘ओळख कशी’ याचं उत्तर देतात. आजोबांनी हेही त्या पोराला सांगितलं असतं. मी काच वर घेतली.

पूल उतरला की पाट्यांवर मैल जाऊन किलोमीटर येतात, आणि आजोबांचे खांदे सैल पडतात. ‘आता कसं, माणसांच्या हिशेबात आलो,’ म्हणतात. मिसिसागाला दारातच ‘सलाम, सलाम’ होतं, गुडघ्यांची चौकशी होते, कोण वारलं ते सांगून होतं. संध्याकाळी तळघरात सतरंजीवर प्रार्थना. पेटीचे दोन सूर मुके झालेले असतात. वाजवणारे ते टाळून वाजवतात, गाणारे ते सूर स्वतः भरून काढतात. नारायण वामन टिळकांची गीतं म्हाताऱ्यांना पाठ असतात. नातवंडं मोबाईलवर रोमन लिपीत तेच शब्द बघून गातात, आणि ‘ळ’ आला की सगळी एका दमात त्याचा ‘ल’ करतात. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. त्यांची अभंगवळणाची गीतं ऑन्टारियोतल्या तळघरात असा ‘ल’कार लावून गायली जातील, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. पण ऐकताना मला वाटलं, त्यांना राग आला नसता.

परतताना अमेरिकेचा अधिकारी विचारतो, फळं, मांस, बिया काही? मी नाही म्हणणार, तोच आजी रुमालाची गाठ सोडते. सोबतिणीने दिलेल्या गावठी वालाच्या बिया. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा तिला पाचव्या वर्षी पाठ झाली आहे. बिया गेल्या. आजीने रुमाल झटकला आणि ‘लागल्या असत्या हो छान’ एवढंच अधिकाऱ्याला मराठीत सांगितलं. त्याने मान हलवली.

तेव्हा तुम्हीही आपल्या म्हाताऱ्यांना घेऊन या वाटेने निघणार असाल, तर एवढं करा. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा कॅनडात चालत नाही, तिथला वेगळा काढावा लागतो. तो वेळेवर काढा. बिया पिशवीत ठेवू देऊ नका. आणि ओळख कशी असं कुणी विचारलं, तर मध्ये बोलू नका. मागच्या गाड्या थांबतात.