दुभंगलेल्या कीबोर्डास अनावृत पत्र

घमापूर, जबलपूर

श्री. डावे आणि श्री. उजवे यांस,


खुर्चीच्या दोन्ही हातांवर आपण क्लॅम्प आवळून विराजमान झालात, तेव्हापासून माझी मनगटं दुखायची थांबली. खोटं कशाला बोलू? खांदेही सैल पडले. कामही सैल पडलं, ते वेगळं. मदनमहालच्या टेकडीवरची तोल सावरून बसलेली शिळा 1997 च्या भूकंपात पडली नाही. आपण मात्र मी शिंकलो तरी कलता. आणि खुर्चीतून उठायचं म्हणजे आधी आपल्या दोघांमधली वायर ओलांडायची.

शेजारची, सीपीसीटी या संगणक-टायपिंगच्या सरकारी परीक्षेची तयारी करणारी पोरं आपलं दर्शन घेऊन गेली. ‘‘भैया, ये टूट गया क्या?’’ मी मनगटाचा कोन, खांद्याची रुंदी वगैरे समजावलं. ‘‘अच्छा. इससे सीपीसीटी निकल जाएगा?’’ उत्तर आपणच कळवावं.

खरं तर आपलं आणि देवनागरीचं मस्त जमायला हवं होतं. 1986 साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं इनस्क्रिप्टची मांडणी ठरवली, तेव्हाच बहुतेक स्वर-मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला दिली. म, न, व तेवढे डावीकडे राहिले. त्यामुळे ‘मानव’ लिहिताना श्री. उजवे नुसते बसून असतात. म्हणजे कीबोर्ड मधोमध फाडायचा पहिला मान आमचा होता.

पण आपल्या कर्त्यांनी आपल्याला 42 बटणांत बसवलं. इंग्रजीची 26 अक्षरं मावली, की झालं! चौकोनी कंस, उलटी तिरकी रेघ, आकड्यांची अख्खी ओळ फालतू म्हणून छाटली. अहो, त्या कंसाच्या बटणावर आमचा ‘ड’ राहतो! शिफ्ट दाबली की तिथंच ‘ढ’. उलट्या तिरक्या रेघेवर ‘ऑ’ची मात्रा, आणि आकड्यांच्या ओळीबरोबर ‘कृपया’तला ऋकारही गेला. ही सगळी मंडळी आता तळघरात. अंगठ्यानं एक बटण दाबून धरायचं, दुसऱ्या बोटानं चाचपडायचं, मग कुठं ‘गाडी’ पुरी होते. आपल्याला घरी आणायचा सल्ला दिला डॉक्टरांनी, आणि ‘डॉक्टर’ या शब्दाची सुरुवातच तळघरातून!

यावर आपले भक्त म्हणतात, ‘‘त्यात काय, फर्मवेअर बदला. हवं ते बटण हवं तिथं ठेवा.’’ ठेवलं. रात्र जागून ‘ड’ला वर काढला आणि अंगठ्याखाली, स्पेसच्या शेजारी, मानाची जागा दिली. अंगठा जाडा, बटणं लहान. संपादकांना लेख पाठवला, त्यांचा उलट फोन आला: ‘‘ही बोली कुठली? नर्मदेकाठची का?’’

तरी या ‘ड’ची काही कायमची सोय करावी, ही विनंती. वाटल्यास दोन बटणं जास्त लावा, खुर्चीचे हात रुंद आहेत.

कळावे,
आपलाडनम्र,
खुर्चीवाला