गाडी काय म्हणती

जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये माणसं बोलत नाहीत, ओरडतात. आष्ट्याहून सांगलीच्या मार्केट यार्डाला हळद घेऊन निघालेल्या एखाद्या पिकअपमध्ये बसून बघा. ड्रायव्हर नुसतं 'चहा घ्यायचा का?' विचारतो, पण रस्त्यावरच्या माणसाला वाटतं, आत बांधावरून भांडण पेटलंय. यात ड्रायव्हरचा काही दोष नाही. इंजिनाची घरघर, गिअरचं कण्हणं, काचांची थरथर, मागच्या फाळक्याची आदळआपट आणि सीटखाली मोकळ्या सुटलेल्या जॅकचा खडखडाट, या सगळ्यांच्या वर आवाज काढल्याशिवाय त्याचा चहा शेजारच्यापर्यंत पोचतच नाही.

आमच्या अण्णांची, म्हणजे थोरल्या चुलत्यांची, पिकअप या बाबतीत गल्लीत नावाजलेली. ती वळणावर असतानाच काकू चहाचं आधण ठेवायच्या. गाडी विकायची नाही यावर अण्णा ठाम. मग निदान तिचं तोंड तरी बंद करू, असं पुण्याला नोकरीला असलेल्या त्यांच्या पोरानं ठरवलं. पुण्यात राहिलं की माणसाला शांततेची किंमत कळते, असं तो म्हणतो. पुण्याच्या सिग्नलला कधी उभं राहिलेल्यांनी यावर आपापलं मत बनवावं.

आवाज कमी करणं हे व्यवहारात न बसणारं काम आहे, कारण डेसिबलचं गणित सरळ चालत नाही. दहा जागांहून सारखाच आवाज येतोय आणि त्यातली एक जागा तुम्ही पैसे घालून पक्की बंद केली, तर अर्धा डेसिबलसुद्धा उतरत नाही. कानाला तर पत्ताच लागत नाही. दहातल्या नऊ बंद केल्या की दहा डेसिबल उतरतात, आणि तेव्हा कुठं कान म्हणतो, हां, निम्मं झालं बुवा. नव्वद टक्के कामाला पन्नास टक्के समाधान. ऊसबिलाच्या हप्त्यांवर वाढलेल्या आमच्या भागाला हे पचायला फार जड जाऊ नये.

तर सीट काढली, मॅटिंग उचललं. खाली अडत दुकानाची एक जुनी पट्टी, चार-पाच हळकुंडं आणि तो पाना, जो हरवला म्हणून गड्यानं भरपूर बोलणी खाल्ली होती. पत्रा घासून, पुसून कोरडा केला. अण्णांनी दरवाज्याच्या पत्र्यावर टिचकी मारली. टण्ण. मग कुशनवाल्यानं त्यावर डॅम्पिंग शीट चिकटवली. ही एका अंगानं काळं, चिकट ब्युटाइल रबर आणि दुसऱ्या अंगानं ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. छोट्या रुळानं दाबून दाबून आतली हवा काढली. पुन्हा टिचकी. ठप्प. अण्णांना याचं इतकं नवल वाटलं की ते एकदा उघड्या दरवाज्यावर आणि एकदा मढवलेल्या दरवाज्यावर टिचक्या मारत फिरत राहिले. पत्रा थरथरला की त्याला चिकटलेलं रबर ताणलं जातं आणि थरथरीची ताकद त्यातच उष्णता होऊन जिरते. म्हणून सगळा पत्रा मढवायची गरजच नसते, मधला मोकळा, जास्त थरथरणारा भाग धरला तरी बरंचसं काम होतं. पोराला हे माहीत होतं. तरी त्यानं कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत मढवलंच.

त्यावर पाणी न पिणारा फोम. साधा स्पंज घालू नका, असं कुशनवाल्यानं बजावलं, कारण पावसाळ्यात चपलांबरोबर आलेलं पाणी तो पिऊन बसतो आणि खाली पत्रा गंजतो. दरवाज्याच्या तळची भोकंही बुजवायची नाहीत, काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. बुजवायची ती इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याची भोकं. वायरी, केबली, स्टेअरिंगचा दांडा जिथून आत येतो, तिथली रबरं कडक होऊन फाटलेली असतात. बाकी पत्रा कितीही जाड मढवा, शंभरातला एक भाग उघडा राहिला तर वीस डेसिबलच्या वर आवाज अडत नाही. छोटा हत्तीवाल्यांचं दुखणं निराळं. 2005 साली आलेल्या त्या गाडीचं दोन सिलिंडरचं इंजिन थेट सीटखालीच. तिथला आवाज कानाआधी बुडाला कळतो.

गंमत अशी, की इथून तीसेक किलोमीटरवर मिरजेत याच्या नेमका उलटा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. तिथले सतारमेकर भोपळ्याच्या पोकळीला पातळ लाकडी तबली जोडतात, ती थरथरावी म्हणूनच. मग घोडी घासून जवारी काढतात, तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा दोरा सरकवतात आणि एका तारेतून सुरांचा गुंजारव उठवतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पोकळी, पातळ अंग, सतत छेडणारं काहीतरी, हे सगळं अण्णांच्या केबिनमध्येही होतं. जवारी काढणारा तेवढा भेटला नाही.

गळीत हंगामात आमच्याकडे तिसरा पंथ दिसतो. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरला केबिनच नाही, तर मढवणार काय? तो इंजिनाच्या वर गाणी लावतो. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, असं ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. नियम 2000 सालचे आणि गाणी त्याच्याही आधीची, त्यामुळे पहाटे तीन वाजता मान जुन्याला मिळतो.

गाडी तयार झाली. इंजिन दबलं आणि इतकी वर्षं त्याच्या आडोशाला बसलेली मंडळी एकेक करून बाहेर आली. डॅशबोर्डाची कुरकुर, सीटबेल्टच्या बकलची टिकटिक, वायपरचं कसलंसं हुंदकणं. पेठ-सांगली रस्ता वर्षानुवर्षं खड्ड्यांसाठी गाजला, तिथं आता काँक्रीट झालंय, तर त्यावर टायर गातात, हेही नव्यानंच कळलं. मागच्या फाळक्यावर 'हॉर्न ओके प्लीज' अजून तसंच आहे. ते व्यापारी वाहनांवरून काढावं असं राज्यानं 2015 मध्येच सांगितलं, पण अण्णांचा पेंटर त्यानंतर फिरकलेला नाही. आता मागचा गाडीवाला लिहिल्याप्रमाणे इमानानं हॉर्न वाजवतो आणि आत कुणाला दाद नाही. शेवटी मोठे आरसे बसवले.

अण्णा मात्र पहिल्या दिवसापासून अस्वस्थ. "गाडी काय म्हणती ते कळाय नको व्हय रं?" त्यांनी जन्मात कुठल्या काट्याकडे बघून गिअर बदललेला नाही, ते कानानं बदलतात. बेअरिंग आवाज करायला लागलंय, पट्टा सैल झालाय, हे त्यांना गॅरेजवाल्याच्या आधी कळतं. मला त्यांचं पटतं. पोरानं केबिनमधून आवाज बाहेर काढला, त्याबरोबर अण्णांचं वर्तमानपत्रही बंद झालं. दोन दिवस त्यांनी कळ काढली. तिसऱ्या दिवशी क्लचजवळच्या एका भोकातलं नवंकोरं रबर बोटानं उपसून खिशात टाकलं. पोरानं फोनवर वीस डेसिबलचा सिद्धांत पुन्हा एकदा समजावून सांगितला. अण्णा हूं हूं करत राहिले.

खरी पंचाईत वेगळीच झाली. 'गाडीत होतो, ऐकू आलं न्हाई' या वाक्यावर अण्णांचा मोबाइल आल्यापासूनचा संसार चालला होता. विसरलेल्या गोळ्या, उशीर, सांगलीत परस्पर खाल्लेली भेळ, सगळं त्यात बसायचं. परवा तुंगच्या पुढं काकूंचा फोन आला. अण्णांनी गाडी कडेला घेतली, सवयीनं छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, "ऐकू येत न्हाई!"

"मला येतंय की समदं," पलीकडून काकू. "वरडू नगासा. आणि ते भोक परत पाडलंय म्हणं? माझ्या दूधबिलाचं पैसं घातल्यात त्यात. किती आवाज कमी झाला, तेवढं सांगा."

अण्णांनी फोन माझ्या हातात दिला. "तू सांग तिला डेसिबल."