अनुदानाचा समोसा

पंतप्रधान पिअर ट्रूडोंनी १९७१ साली बहुसांस्कृतिकता हे कॅनडाचं सरकारी धोरण म्हणून जाहीर केलं, १९८८ मध्ये त्याचा कायदाही झाला. तेव्हापासून तिथे संस्कृतीला अनुदान मिळतं. अट एवढीच, की ती खाता यावी, नाचता यावी आणि ३१ मार्चच्या आत उरकावी. (मार्च एण्डला तिथे जायला व्हिसा लागला नाही, ही खरी बहुसांस्कृतिकता.)

ऑन्टारिओतल्या ब्रॅम्प्टनला, नव्याने आलेल्यांसाठीच्या एका अनुदानित केंद्रात मेव्हण्याबरोबर गेलो होतो. गडी पुण्यात अठरा वर्षं पूल बांधत होता. कार्यशाळा होती, 'रेझ्युमे कसा लिहावा'. शिकवणाऱ्या बाईंनी त्याचा कागद वाचला आणि प्रेमाने सुचवलं, ''यातली बारा वर्षं काढून टाका, फार शिकलेले वाटता.'' आल्या आल्या सही घेतली होती, चहाच्या वेळी परत घेतली. नोकरी कुणाला लागली, हे नंतर बघू. डोकी भरली की पुढच्या वर्षाचा अनुदानाचा हप्ता पक्का.

नोकरी देताना 'कॅनडातला अनुभव' सरसकट मागणं हा भेदभाव आहे, असं ऑन्टारिओच्या मानवाधिकार आयोगाने २०१३ मध्येच सांगितलंय. आता मालक तो मागत नाहीत, नुसते शोधतात.

शेवटी समोसा आला. सोबत फॉर्म : 'इथे तुम्हाला आपलेपणा वाटतो का? एक ते पाच गुण द्या.' मेव्हण्याने समोसा फोडला, आत वाटाणे किती ते पाहिलं आणि तीन दिले.