सपाट गावातला हिमालय

सांगली शहर सपाट. डोंगर बघायचाच तर दंडोबाला जावं लागतं. तरी आमच्या लहानपणी ज्याच्या-त्याच्या सोप्यातल्या भिंतीवर हिमालय होता. दोन त्रिकोणी डोंगर, मधे सूर्य, त्याच्याच बुडातून निघालेली निळी नदी, काठावर झोपडी आणि बर्फाला टेकलेलं नारळाचं झाड.

आईनं पेंटरना विचारलं, "बर्फात नारळ येतो व्हय?"

"वहिनी, नारळाशिवाय सीनरीला उठाव नाही."

पेंटर मुळात दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या पाठी रंगवणारे. त्यामुळं आमच्या डोंगरांना अक्षरांसारखी काळी शॅडो होती आणि उजवीकडच्या ढगात सहीखाली लिहिलेलं होतं, 'येथे नंबर प्लेट करून मिळेल'. ताईचा स्थळांना पाठवायचा फोटो या भिंतीपुढंच काढला. एका मुलाकडून विचारणा आली, मुलगी काश्मीरला असते की कोकणात?

ही हौस आली कुठून? 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' सांगलीतच केलं. पुढं नाटक कंपन्या रंगवलेले पडदे घेऊन हिंडू लागल्या: राजवाडा, रस्ता, जंगल. आमची सीनरी त्या जंगलाच्या पडद्याचीच धाकटी पाती असावी, असा माझा दाट संशय आहे. फक्त नाटकातला पडदा प्रवेश संपला की वर जातो. आमच्याकडं त्याच झोपडीपुढं सत्यनारायण झाला, साखरपुडा झाला आणि काकांची वाटणीही झाली.

मोठ्या माणसांचीही तीच तऱ्हा. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा अठराव्या शतकातला वाडा आहे. भिंतींवर चित्रं आहेत ती देवादिकांची. वाड्यामागंच घाट आणि खरीखुरी कृष्णा, मग ती भिंतीवर कशाला काढा? देव सहसा दिसत नाहीत, म्हणून ते काढले. दारात नाही ते भिंतीवर, हा नानांचा हिशोब आमच्या पेंटरनाही पाठ होता. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी तर राजे असून स्वतः चित्रं काढत आणि सूर्यनमस्कारांचा प्रचार करत. आमच्या दोन डोंगरांतल्या सूर्याला त्यांनी नमस्कार घातला असता की नाही, सांगवत नाही.

नानांची चित्रं अजून ओळखू येतात. आमचा ऑइलपेंट मात्र ओल धरून पोपडे टाकायचा, मग पेंटर येऊन बर्फ पुन्हा लावून जायचे. 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा खरी कृष्णा सोप्यात शिरून रंगवलेल्या नदीला मिळाली. संगम बघायला हरिपूरला जायचं कारण उरलं नाही. पाणी उतरल्यावर भिंत खरवडावी लागली.

आता पुतण्यानं फ्लॅट घेतलाय. भिंत विटांची. विटांवर गिलावा, गिलाव्यावर पुट्टी, पुट्टीवर प्रायमर आणि त्यावर हौसेनं चिकटवलेला थ्रीडी वॉलपेपर. त्यावर चित्र विटांचं.

आईनं वास्तुशांतीला ती भिंत हात फिरवून नीट पाहिली. "चांगलाय की रे फ्लॅट," म्हणाली, "गिलावा कधी करतोस?"