पोहरा कोणता घेऊ?

आमच्या गावाचं नाव कंसाशिवाय पुरं होत नाही. तळेगाव (श्यामजी पंत). नुसतं तळेगाव म्हटलं की पुण्याचा माणूस दाभाडे धरतो, शिरूरचा ढमढेरे, संगमनेरचा दिघे आणि शेजारच्या अमरावती जिल्ह्यातला दशासर. त्यामुळे आम्ही श्वास घेतो तसा कंस घेतो. हा कंस एक दिवस मोबाइलमध्ये कामी येईल, असं मात्र वाटलं नव्हतं.

पुण्यात शिकणाऱ्या भाच्याचा फोन आला. "मामाजी, लेमीवर या न."

"ते काय होय?"

"विकेंद्रित हाये. मालक नाही कोणी."

"मंग उघडू कशात?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा. ॲप लय आहेत."

मालक नाही हे ऐकून आनंद झाला. ॲप लय आहेत हे ऐकून आठवडा गेला.

लेमी हे प्रकरण 2019 चं. रेडिटसारखंच: विषयवार समूह, त्यात नोंदी, नोंदींवर वर-खाली मतं आणि खाली भांडण. फरक एवढाच की हे एका कंपनीच्या यंत्रावर चालत नाही. ज्याला हौस असेल त्याने आपला सर्व्हर मांडावा. असे शेकडो सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब नावाच्या सामायिक नियमाने एकमेकांशी बोलतात; तो नियम जानेवारी 2018 मध्ये प्रमाण म्हणून मान्य झाला. ॲप म्हणजे फक्त आत डोकावायची खिडकी. ती कोणीही बनवावी, आणि कोणीही बनवली आहे.

व्हॉयेजर ॲप म्हणूनही चालतं आणि ब्राउझरमध्येही. थंडर अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर. जर्बोआ लेमीच्या कर्त्यांकडचंच, पण अँड्रॉइडपुरतं. एटर्निटीही अँड्रॉइडचं. म्लेम आयफोनवाल्यांचं, त्याचा उच्चार करून दाखवणाऱ्याला माझ्याकडून चहा. मी एसटी स्टँडच्या बाकावर बसून एकामागून एक सहा उतरवली. जागा कमी पडली म्हणून पुतणीच्या बारशाचे फोटो उडवले. एकाची अक्षरं मुंगीएवढी, दुसऱ्यात रात्रीचा काळा रंग दिवसाही हटेना, तिसऱ्यात डावीकडे बोट सरकवलं की मत पडायचं. एका अनोळखी माणसाला मी असं चार वेळा नापसंत केलं. त्याची माफी मागायला गेलो, तर बोट पुन्हा सरकलं.

पण सगळ्या ॲपांचा पहिला प्रश्न एकच: तुमचा सर्व्हर कोणता? म्हणजे, कोणत्या तळेगावचे? इथे नुसत्या नावाला किंमत नाही. नावामागे ॲटचं चिन्ह आणि त्यामागे सर्व्हरचं नाव लावावं लागतं. एकाच नावाचे समूहही पाच-पाच सर्व्हरवर सापडतात. शहरातली पोरं या पायरीवर अडखळून परत जातात म्हणे. मी नाही अडखळलो. आमचा जन्मच कंसात गेलेला.

तसं विकेंद्रीकरण आमच्या वर्धा जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. 1936 साली गांधीजी इथल्या सेगावला येऊन राहिले. देशाला खेड्याकडे चला म्हणत होते आणि त्यांचं टपाल मात्र चुकून शेगावला चाललं होतं. शेवटी 1940 साली सेगावचं सेवाग्राम झालं. धडा साधा आहे: सत्ता गावोगाव वाटा, पण पत्ता नीट लिहा.

मराठी माणूसही इंटरनेटवर पहिल्यापासून विकेंद्रितच आहे. 1996 ला मायबोली, 2004 ला मनोगत, 2007 ला मिसळपाव, अशी संकेतस्थळं निघाली. एका पारावर पटलं नाही की दुसरा पार बांधायचा, ही आपली जुनी रीत. फक्त एका पारावरून दुसऱ्याकडे रस्ता ठेवायचा राहिला. प्रत्येक ठिकाणी नवं खातं, नवा पासवर्ड आणि तेच वाद पहिल्यापासून. लेमीवाल्यांनी वाद तसाच ठेवला, पण रस्ता बांधला.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे म्हण आहे, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. ॲप हा पोहरा. सर्व्हर आणि त्यावरची माणसं हा आड. आणि जो तो पोहऱ्यांची तुलना करत बसलाय: याची कडी गोल, त्याचा रंग छान, याला जाहिरात नाही.

आड एकाच मालकाचा असला की काय होतं, ते 2023 मध्ये दिसलं. बाहेरच्या ॲपांनी आपल्याकडून माहिती ओढायची तर पैसे मोजा, असं रेडिटने ठरवलं. अपोलो नावाच्या लाडक्या ॲपचा कर्ता ख्रिश्चन सेलिग याने हिशेब मांडला: वर्षाला सुमारे 2 कोटी डॉलर, म्हणजे 165 कोटी रुपयांच्या आसपास. 12 जूनला हजारो समूहांनी कुलूप लावून निषेध केला. मालक हलला नाही. 30 जूनला अपोलो बंद. पोहरा उत्तम होता, पण आडावर पहारेकरी बसला. मग लोक लेमीकडे धावले, आणि तिथे अपोलोसारखं दिसणारं व्हॉयेजर लगेच तयार झालं. माणूस गाव सोडतो, पण ओळखीचा पोहरा सोडत नाही.

म्हणून विकेंद्रित आड आटत नाही असं समजू नका. लेम डॉट ईई हा लेमीतला मोठा सर्व्हर जून 2025 अखेर बंद झाला. कोणी विकत घेतला नाही, सरकारने बंदी घातली नाही; चालवणारी माणसं थकली. मालक नाही याचा अर्थ पाणी फुकट येतं असा नाही. कोणीतरी रात्री उठून मोटर चालू करत असतो. तिथल्या लोकांच्या हातात ॲप तसंच होतं, चकचकीत. 0.19 या आवृत्तीपासून लेमीत आपली सेटिंग आणि सदस्यत्व घेतलेल्या समूहांची यादी फाइल करून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येते. लिहिलेलं मात्र नेता येत नाही. सामान हलतं, घर हलत नाही.

तेव्हा माझा सल्ला फुकट घ्या. ॲपवर एक संध्याकाळ घालवा, सर्व्हरवर एक आठवडा. ॲपमध्ये तीनच गोष्टी बघा: शेवटचं अपडेट कधीचं, त्याचा कोड उघडा आहे का, आणि देवनागरीची जोडाक्षरं तुटत तर नाहीत. आवडलं नाही तर काढून टाका. खातं सर्व्हरवर असतं, ॲप बदलल्याने काही बुडत नाही. सर्व्हर निवडताना मात्र सोयरीक जुळवताना विचारतो ते सगळं विचारा. चालवतं कोण, खर्च भागवतं कोण, घरचे नियम काय, आणि कोणाकोणाशी बोलणं बंद आहे. हो, इथे एक सर्व्हर दुसऱ्याला वाळीत टाकू शकतो. गावकी म्हटली की हे आलंच.

शेवटी सहातलं एक ठेवलं, पाच काढली. बारशाचे फोटो काही परत आले नाहीत. एका समूहात मराठीतच विचारलं: आमच्याकडे संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ सुरू झालीय, तळेगावकडे सगळेच हैराण आहेत, तुम्ही काय करता?

पहिला दिवस, शांतता. दुसरा दिवस, तीच. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामाजी, ॲप बदलून पहा न." मी फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरवरून एका अनोळखी मराठी माणसाचं उत्तर आलं. कोणत्या ॲपमधून लिहिता, हे त्याने विचारलं नाही. फळगळीचंही नंतर विचारलं. आधी एवढंच:

"तळेगाव कोणतं?"