सुभेदार माउली

उलव्यातल्या कुठल्याही सोसायटीत जा, एक निवृत्त सुभेदार सापडतोच. गाव साताऱ्याकडचं, मुलगा बेलापुरात नोकरीला, फ्लॅट सातव्या मजल्यावर आणि जीव तळमजल्यावरच्या पंपरूममध्ये. आमच्या इमारतीतले सुभेदार कार्तिकात गेले. तेव्हापासून बिल्डिंगमधले नळ निर्धास्त गळतात.

ते खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले. पूल टाकायचा, सुरुंग काढायचे, रस्ता मोकळा करायचा. मग त्यावरून बाकीची फौज जाणार आणि नाव कमावणार. याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही, वॉचमनला फक्त रोज सांगत. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की कुणीतरी म्हणायचं, “आबा, 71 ची लढाई सांगा.” पोरं सरसावून बसायची. काळोख, थंडी, समोर सुरुंग पेरलेलं शेत, आणि इतक्यात ट्रकची टाकी गळायला लागली! इथे लढाई संपायची आणि टाकी सुरू व्हायची. कपडे धुण्याचा साबण मळून भोकात कसा दाबायचा, तो पेट्रोलमध्ये विरघळत कसा नाही, कोणता साबण त्यातल्या त्यात चांगला. युद्ध कोण जिंकलं हे पोरांना पुढे शाळेत कळलं.

गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला गोपीचंदन, पायात फौजी बूट. कँटीनचं कार्ड आणि माळकरी माणूस हा योग सोसायटीत फार मोलाचा. रमचा कोटा आहे आणि पिणारा नाही, एवढं कळल्यावर बी विंगमधल्या बऱ्याच मंडळींना अध्यात्माची गोडी लागली. दोघे-तिघे हरिपाठालाही बसले. महिनाभर टाळ कुटल्यावर एकाने धीर करून विषय काढला. सुभेदारांनी त्याला कँटीनमधून साबण आणून दिला.

वारी आणि फौज यांत त्यांना फरकच दिसत नसे, आणि इतिहास त्यांच्या बाजूने होता. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी, आणि ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरचे सरदार. 1832 च्या सुमारास त्यांनी हा सोहळा उभा केला, दिंड्यांना क्रम लावले. “आरफळ आमच्या साताऱ्यातलंच,” हे सुभेदार अशा थाटात सांगत की हैबतबाबा त्यांच्याच पलटणीतून पेन्शनीत निघालेत असं वाटावं. दरवर्षी लोणंदला दिंडीत शिरायचे. तिथेही विठ्ठलाच्या आधी टँकरचा गळका कॉक दिसे. गव्हाण-वहाळकडच्या आगरी गावांत सप्ता बसला की कीर्तनकाराच्या बरोबरीने यांनाही निरोप जायचा. कारण लाउडस्पीकर नेमका अभंगाच्या चालीवर घरघरतो.

उलव्यात त्यांच्या नजरेतून काही सुटलं नाही. विमानतळासाठी टेकडी फोडत होते तेव्हा खिडक्यांची तावदानं थरथरायची, आम्ही गॅलरीत धावायचो. सुभेदार हरिपाठातून मान वर न करता म्हणत, “चार्ज जास्त भरला.” 12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. जवळपास 22 किलोमीटरचा पूल त्यांनी लांबून न्याहाळला आणि पसंत केला. मग कळलं, त्यावर दुचाकीला बंदी. म्हणजे त्यांची चेतक जाणार नाही. “आमचा बेली पूल बरा की,” ते म्हणाले. “रणगाडा जायचा आन् मागनं अंडीवालाबी जायचा.” फौजी पुलाच्या तोंडाशी किती वजन पेलेल ते सांगणारा पिवळा गोल फलक असतो. तसा एक त्यांनी सोसायटीमागच्या गटारावरच्या फळीला ठोकला. त्यावरचा आकडा वाचल्यापासून आमचे खजिनदार वळसा घालून जातात.

आता खरं सांगायचं तर त्यांची दुरुस्ती देखणी कधीच नव्हती. आमच्या मोरीतला नळ त्यांनी केला तेव्हा मी बॅटरी धरून उभा होतो. जुन्या स्लीपरच्या तळव्यातून ब्लेडने चकती कापली, खिळा गॅसवर लाल करून मध्ये भोक पाडलं, घरभर जळक्या रबराचा वास. मग पाना. पाना अडला की फौजी हिंदीतली शिवी अर्ध्यावर यायची, माळ आठवायची आणि तिचा शेवट ‘पांडुरंग’ असा व्हायचा. नळ गळायचा थांबला. फक्त तो उघडायला पुढे दोन माणसं लागायला लागली.

पैसे घेत नसत, त्यामुळे कोपऱ्यावरचा प्लंबर त्यांच्यावर खार खाऊन होता. त्याच्या कामाची तपासणी मात्र ते न बोलावता करत. “माउली, अक्कल गावाकडं ठेवून आलास काय रं?” असं त्याला चारचौघांत झापायचे आणि संपलं की वारकरी रीतीप्रमाणे वाकून त्याच्या पाया पडायचे. बिचाऱ्याला धड रागावताही येत नसे. दहाव्याला सगळ्यात आधी तोच आला, आणि येताना पंपरूमचा व्हॉल्व्ह बघून आला.

तेराव्यानंतर मुलाने त्यांची काळी ट्रंक उघडली. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. आत पक्कड, पेचकस, बाइंडिंग वायर, बुक्क्याची डबी, टाळ आणि हरिपाठाच्या पुस्तिकेत खूण म्हणून हॅक्सॉचं पातं. तळाशी एक वही. फौजेतल्या गाडीचं लॉगबुक असतं तशी आखलेली: तारीख, फ्लॅट, दोष, कारण. आमच्या नळापुढे कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘पिळणारा’. प्रत्येकाला आपापली नोंद बघायची होती, म्हणून वही सर्वसाधारण सभेत आली आणि पार्किंगचा विषय मागे पडला. सेक्रेटरींच्या फ्लॅटपुढे लिहिलं होतं, ‘आवाज फार, प्रेशर कमी. बदलावा.’ ही नोंद नळाचीच आहे, असं सेक्रेटरी उभं राहून ठासून सांगत होते. त्यांच्या मिसेस म्हणाल्या, “आमच्या नळाला आबांनी कधी हातच लावला नाही.”