दोन दारांची गाडी

कूपे म्हटलं की माझ्या पिढीच्या मराठी माणसाला रेल्वेचा पहिला वर्ग आठवतो. दोन बर्थचा बंद कप्पा. तो नव्या जोडप्याला मिळायचा, नाहीतर आमदाराला. आपण आरएसीत अर्ध्या बाकावर. त्यामुळे "अण्णा, मी कूपे घेतली," असं कराडला फोन करून सांगितलं तेव्हा अण्णा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "रिझर्वेशन कुठपर्यंतचं?"

शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ 'कापलेली'. समोरासमोर बाकं असलेली बग्गी होती, तिचा एक भाग कापून दोघांपुरती केली, ती कूपे. रेल्वेनं तोच शब्द उचलला, पुढं मोटारवाल्यांनीही. हे मी मोठ्या कौतुकानं घरात सांगितलं. त्यावर नवऱ्यानं एवढंच विचारलं, "म्हणजे पूर्ण पैसे देऊन तू अर्धी गाडी आणलीस?"

पूर्ण पैसे तरी कुठं! पंचवीसशे युरो. ज्या पोरानं विकली त्याच्याकडं बाळ येणार होतं आणि मागच्या सीटवर बाळाची खुर्ची बसवायला गेलं की पुढच्या सीटवर बायको बसत नव्हती. मी बोनेट उघडून जाणकारासारखी बघत उभी राहिले. तो म्हणाला, "शी इज ग्रँड." आयर्लंडमध्ये 'ग्रँड' म्हणजे भव्य नव्हे, 'बरं चाललंय'. मोडलेल्या हाडापासून करपलेल्या टोस्टपर्यंत इथं सगळं ग्रँड असतं. पण गाडीला 'ती' म्हणणारा माणूस भेटला की मराठी माणूस निम्मा विरघळतो. कंपनीचं नाव सांगत नाही. पुढं तिच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाईट वाटायला नको.

ही 2006 सालची आहे हे मात्र लपत नाही. इथं नंबरप्लेटची सुरुवातच सालानं होते, म्हणजे वय कपाळावर गोंदलेलं. (2013 साली 13 आकडा नको, हेही एक कारण धरून यांनी वर्षाचे दोन भाग केले आणि 131, 132 असे नंबर काढले. आणि आपण अमावस्येला गाडी आणत नाही म्हणून हसतात!) जुलै 2008 च्या आधीच्या गाडीला रोड टॅक्स इंजिनाच्या आकारावर. माझं दोन लिटरचं, म्हणून वर्षाला 710 युरो. विम्याच्या बाईनं फोनवर आधी 'टर्बो' या शब्दाशी एक उसासा टाकला, मग माझ्या अनुभवाशी दुसरा. पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवली, तीही लक्ष्मी रोडला गणपतीच्या आधीच्या रविवारी, त्याची किंमत शून्य. इथं मला लर्नरपासून सुरुवात करावी लागली. परीक्षा पास झाले, तर दोन वर्षं काचेवर लाल एन लावायचा. एन म्हणजे नवशिका. ठेंगणी, काळी, टर्बोची गाडी आणि वर एन. एकदा गार्डानं, म्हणजे इथल्या पोलिसानं, थांबवलं, वाकून आत बघितलं. आत पंचेचाळिशीची बाई आणि शेजारच्या सीटवर मेथीच्या चार जुड्या. तो बिचारा 'मोटरवेवर जपून' असं काहीतरी पुटपुटला.

आम्ही राहतो ते चेरीवूड डब्लिनच्या दक्षिणेला. एम-50 संपत आला की 16 नंबरचा फाटा आमचा. क्रेन, नव्या इमारती आणि त्यांच्यामध्ये टलीच्या जुन्या चर्चचे अवशेष. 2010 च्या ऑक्टोबरात इथवर ट्राम आली. तिचं नाव लुअस, आयरिश भाषेत अर्थ 'वेग'. म्हणजे वेग नावाची ट्राम आमच्या दारातून निघते आणि वेगासाठी घेतलेली गाडी तळघरात उभी असते. ट्रामचं शेवटचं स्टेशन ब्राइड्स ग्लेन. अण्णांना मी उत्साहानं सांगितलं, "नवरीची दरी." नंतर कळलं की ब्राइड हे संत ब्रिजिडच्या नावाचंच एक रूप. तिथं जुन्या रेल्वेचा दगडी कमानींचा पूल अजून उभा आहे. ती हारकोर्ट स्ट्रीटची लाइन 1958 च्या शेवटच्या दिवशी बंद केली, आणि अर्धशतकानं बरीचशी तीच वाट झाडून लुअस आणली. जुनं मोडीत काढायचं आणि मग तेच शोधत फिरायचं, यात हे लोक आणि आपण सख्खे भाऊ.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा आले. एसटीत तीस वर्षं स्टिअरिंगवर, बहुतेक कराड–चिपळूण, म्हणजे दिवसाआड कुंभार्ली घाट. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून शर्टांच्या कप्प्यात जपून ठेवलेला. विमानतळावर गाडी बघून त्यांनी आधी टायर दाबले, मग दार उघडलं. एसटीत ड्रायव्हर चढतो. इथं उतरावं लागतं. एक पाय आत, मग कंबर, मग डोकं, मग आठवण आल्यासारखा दुसरा पाय. बसल्यावर म्हणाले, "आगं, बसायचं हाय का झोपायचं?" मागं बॅग ठेवायला सीट पुढं पाडावी लागते, ते बघून, "आणि मागच्या पॅशिंजरला उतरायचं झालं तर पुढच्यानं मरायचं?"

वाटेत त्यांचा उजवा पाय सारखा पायपुसण्यावर ब्रेक दाबत होता. टोलनाका आला नाही म्हणून ते अस्वस्थ झाले. इथं नाका नाहीच, कॅमेरे नंबर टिपतात, पैसे दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत भरायचे, असं सांगितलं.

"उधारीवर टोल?"

"हो."

"आणि लोक भरत्यात?"

सिग्नल हिरवा झाला आणि मला गिअर टाकायला उशीर झाला, तर त्यांनी डॅशबोर्डवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं. डबल बेल. तीस वर्षं कंडक्टरच्या दोन घंटांवर निघालेल्या माणसाला हिरवा दिवा पुरत नसावा.

पुढच्या चाकांना जोर देणारी गाडी म्हणजे काय, हे मी त्यांना सांगायला गेले, तर त्यांनीच मला सांगितलं. एसटी मागून ढकलते, हातगाडीसारखी. ही पुढून ओढते, बैलगाडीसारखी. माझी तक्रार होती की जोरात पाय दिला की स्टिअरिंग हातातून एका अंगाला पळतं. पुस्तकात याला टॉर्क स्टिअर म्हणतात. इंजिन आडवं बसवल्यामुळं दोन चाकांकडे जाणाऱ्या दांड्या बऱ्याचदा सारख्या लांबीच्या नसतात, एक आखूड, एक लांब. जोर आला की दोन्ही सारख्या वागत नाहीत. अण्णा म्हणाले, "एक बैल जुना आणि एक खोंड जुंपला की असंच हुतंय. कासरा घट्ट धर आणि हळू हाक."

टर्बोही त्यांना नवा नव्हता. मला तो फोडणीच्या पोळीसारखा वाटतो. इंजिनानं टाकून दिलेला गरम धूर. त्याला बाहेर सोडण्याआधी एका भिंगरीवर फिरवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाची भिंगरी ताजी हवा दाबून इंजिनात कोंबते. शिळ्यातून पुन्हा चविष्ट. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं 1905 साली याचं पेटंट घेतलं. भिंगरी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, पण आधी धूर साठायला हवा, म्हणून पाय दिल्यावर क्षणभर काहीच होत नाही. पंगतीला बोलावल्यावर "आलो, आलो" म्हणत माडीवरच बसून राहणारे धाकटे भाऊजी असतात ना, तसं. मग एकदम येतात ते जिना दणाणवत. 1962 च्या ओल्ड्समोबिल जेटफायर या अमेरिकन गाडीत टर्बोसाठी पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळं भरावं लागायचं आणि मालक ते भरायला विसरायचे. माझ्या घरात इस्त्रीत पाणी घालायला कुणाला आठवत नाही, त्यामुळं मी त्यांना दोष देत नाही.

एका रविवारी आम्ही एनिस्केरीवरून ग्लेनक्रीच्या वाटेनं सॅली गॅपला निघालो. नवरा मागं आडवा, गुडघे हनुवटीला. हा मिलिटरी रोड इंग्रजांनी 1798 च्या उठावानंतर बांधला, विकलोच्या डोंगरात लपलेल्या बंडखोरांपर्यंत फौज न्यायला. अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "डोंगरात माणूस लपला की सरकारला आधी रस्ता सुचतो. दवाखाना नंतर." चढ लागला, मी पाय दिला. भाऊजी आलेच नाहीत. नुसता फुस्स असा आवाज, आणि मागून एक सायकलवाला नम्रपणे पुढं निघून गेला.

"थांब कडंला. बोनेट उघड."

आजूबाजूला तपकिरी दलदल, मेंढ्या, वारा. अण्णांनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या. "रेस दे," म्हणाले. "आणखी दे. आता धर तशीच." डोळे मिटून, तापलेल्या भागांना न शिवता, त्यांनी तळहात एकेका रबरी पाइपच्या भोवती फिरवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर फिरवतात तसा. एका सांध्यापाशी हात थांबला. "हितं वारा लागतोय." आदल्याच आठवड्यात पासिंगसाठी (इथं त्याला एनसीटी म्हणतात, दहा वर्षांवरच्या गाडीला दर वर्षी) एका गॅरेजात काम केलं होतं, तिथं क्लिप कसायची राहिली असावी. स्क्रूड्रायव्हर नव्हता. नवऱ्यानं मागच्या सीटवरून, बाहेर येणं शक्य नसल्यामुळं, खिशातलं चिल्लर पुढं केलं. अण्णांनी पाच सेंटचं नाणं निवडलं, क्लिपच्या खाचेत घातलं आणि इंजिन बंद करायला लावून हळूहळू आवळलं.

वर पोचलो तेव्हा मला गाडी बंद करू देईनात. "दोन मिनिटं चालू ठेव. भिंगरी पळालीय, तेल बंद झालं की करपंल. डेपोत नवीन टर्बो गाड्या आल्या तवा सायबानं पाटी लावली होती." तेव्हापासून आमच्या तळघरात रोज संध्याकाळी दोन मिनिटं इंजिन उगाच गुरगुरतं. चौथ्या मजल्यावरच्या आजीबाईंनी एकदा काचेवर टकटक करून विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, ग्रँड.

अण्णा ऑक्टोबरात परत गेले. विमानतळावर गाडीतून बाहेर पडायला त्यांना तेवढाच वेळ लागला जेवढा पहिल्या दिवशी आत बसायला. डोकं, कंबर, मग राहिलेला पाय. बॅग काढायला मी सीट पाडली. मागं गाड्यांची रांग लागलेली, पिवळ्या जाकिटातला माणूस हात हलवतोय, चला, चला. मी म्हटलं, "अण्णा, पोचल्यावर फोन करा." त्यांनी दार लावलं, टायरकडं एकदा बघितलं आणि टपावर हातानं दोनदा थाप मारली.

मी पाय दिला. टर्बो नेहमीसारखाच उशिरा जागा झाला, म्हणून आरशात ते बराच वेळ दिसत राहिले.